गुलछडीचा कंद वैशाखात, पहिला दांडा श्रावणात



कवठे येमाई आणि घोड नदीच्या आसपासच्या गावांत चैत्र-वैशाख म्हणजे कांद्याची घाई. काढणी, काटणी, निवड, चाळीत भरणी. या गडबडीत फुलझाडांची आठवण कोणाला? पण याच दिवसांत परसात एक काम उरकले, तर श्रावणापासून देवाला फुले विकत आणावी लागत नाहीत. ते काम म्हणजे गुलछडीची लागण. कोणी तिला निशिगंध म्हणते, कोणी रजनीगंधा.

गुलछडीचे मूळ घर मेक्सिको. थंड देशांत हिम सरल्याशिवाय तिचा कंद जमिनीत घालता येत नाही. आपल्याकडे ती अडचण नाही. आपल्याकडे कंद थंडीने मरत नाही आणि उन्हानेही सहसा मरत नाही. तो मरतो पाण्याने. एवढी एक गोष्ट ध्यानात धरली की निम्मे काम झाले.

हे मी सोसून शिकले. पहिल्या वर्षी मी मेच्या उन्हाची काळजी वाटून वाफ्याला रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. तीन आठवडे कोंब दिसेना. उकरून पाहिले तर निम्मे कंद सडून मऊ झालेले. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "अगं, चाळीतल्या कांद्यावर कोणी पाणी शिंपतं का?"

लागण एप्रिलच्या अखेरीपासून मेअखेरपर्यंत करावी. कंद सुपारीपेक्षा मोठा, दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा, दाबून पाहिल्यावर टणक असावा. बारीक कंदाला पहिल्या वर्षी बहुधा नुसती पातच येते. ताजे काढलेले कंद लगेच लावू नयेत. तीन-चार आठवडे सावलीत, हवेशीर जागी पसरून ठेवावेत, म्हणजे कोंब एकसारखे येतात. मऊ, बुरशी धरलेला किंवा खुरप्याचा घाव लागलेला कंद बाजूला काढावा. कांदा निवडताना हात जे पाहतो, तेच इथेही पाहायचे.

जातींत एकेरी आणि दुहेरी असे दोन प्रकार. हार, वेणी आणि देवपूजेसाठी एकेरी घ्यावी. वास तिलाच जास्त. दुहेरी फुलदाणीत शोभते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले रजनी' आणि बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या 'शृंगार' व 'प्रज्वल' या एकेरी जाती चांगल्या. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला 'शृंगार' बऱ्यापैकी तोंड देते. वांगी किंवा टोमॅटो काढलेल्या जागेत हा त्रास अधिक, म्हणून ती जागा टाळावी. वाफ्याच्या कडेने झेंडू लावला तर तोही उपयोगी पडतो.

जागा दिवसभर उन्हाची हवी. जमीन काळी, चिकट असेल तर वीतभर उंच गादीवाफा करावा. मुरमाड असेल तर साधा वाफाही चालतो. दहा फूट लांब व तीन फूट रुंद वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत दोन पाट्या मिसळावे. एक-एक फुटावर तीन ओळी आखून दर आठ इंचांवर एक कंद लावावा. असे पंचेचाळीस कंद बसतात. कोंबाची बाजू वर आणि कंदावर दोन-तीन बोटे माती.

लावल्यावर एक हलके पाणी द्यावे. मग थांबावे. कोंब दिसेपर्यंत माती अगदीच कोरडी पडली तर थोडे शिंपावे, एरवी नाही. पात वर आली की उन्हाळ्यात पाच ते सात दिवसांनी पाणी द्यावे. पावसात पाणी साचणार नाही, अशी चर आधीच काढून ठेवावी.

लागणीपासून तीन-साडेतीन महिन्यांत पहिले दांडे येतात. दांड्यावरची फुले खालून वर, रोज दोन-तीन अशी उमलत जातात. फुलदाणीसाठी दांडा हवा असेल तर खालची एक-दोन फुले उमलताच तो कापावा. एका वाफ्यातून बाजारचे पैसे होतील अशी आशा धरू नका. देवघर, गौरी-गणपती आणि लेकीच्या वेणीपुरते मात्र निश्चित निघते. पुढे एकेका कंदाला पिल्ले धरतात. दोन-तीन वर्षांनी कंद काढून पिल्ले वेगळी केली की एका वाफ्याचे चार वाफे होतात. ज्यांना विक्री करायची त्यांनी तेव्हा गुलटेकडीच्या बाजाराचा विचार करावा.

आता शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. बाजारासाठी सुटी फुले पहाटे तोडतात. आपल्या शिरूर, आंबेगाव, जुन्नर, खेड भागात उसातून बिबट्याचा वावर आहे, हे तुम्हाला सांगायला नको. वाकून किंवा बसून काम करणारे माणूस त्याला लहान जनावरासारखे भासते. म्हणून हा वाफा उसाच्या बांधाला लावू नका. घराजवळ, अंगणातून दिसेल अशा मोकळ्या जागी लावा. घरापुरती फुले चांगले उजाडल्यावर तोडली तरी काही बिघडत नाही. विक्रीसाठी पहाटे जावेच लागले तर एकटीने जाऊ नका. सोबत, बत्ती आणि बोलण्याचा आवाज असू द्या. लेकरांना तर अंधारात फुलांना मुळीच पाठवू नका.

तेव्हा यंदा चाळ भरून झाली की त्याच आठवड्यात चार हात जागा खणून घ्या. पंचेचाळीस कंद आणि थोडा धीर, एवढेच लागते. श्रावणात दिवेलागणीला अंगणात पाऊल टाकाल, तेव्हा आधी वास येईल आणि मग फूल दिसेल.