तालीम वेगळी नको

मोहल्ल्यात अलीकडे एक सूचना वारंवार ऐकू येते. दिवस बरे नाहीत, पोरांसाठी आपला स्वतःचा स्वसंरक्षणाचा वर्ग काढू. कराटे असो, ऐकिडो असो. शिकवणारा आपला, शिकणारेही आपलेच. या सूचनेमागची भीती खरी आहे, तिची टिंगल करण्यात अर्थ नाही. पण सोलापुरात तरी हा उपाय मला चुकीचा वाटतो.

'तालीम' हा मूळ अरबी शब्द, अर्थ शिक्षण. घरात आपण 'दीनी तालीम' म्हणतो, तोच हा शब्द. मराठीनं तो उचलला आणि कुस्तीच्या जागेला दिला. पहिलवान, वस्ताद, खुराक, खुद्द कुस्ती हे शब्द फारसीतून आले आणि तांबड्या मातीत मराठी झाले. जी जागा नावापासूनच आपलीही आहे, तिथून आपण बाहेर का पडायचं?

दक्षिण सोलापूरचं बोरामणी बघा. तिथल्या एकाच शेख घराण्यानं तीन महाराष्ट्र केसरी दिले : १९८० साली इस्माईल, १९९२ साली आप्पालाल, २००२ साली मुन्नालाल. २०१८ साली जालन्यात गदा जिंकणारा बाला रफिक शेख मूळचा करमाळा तालुक्यातला. कोल्हापुरात तो गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली घडला, पुढे पुण्याच्या हनुमान आखाड्यात. यांतला कोणीही फक्त आपल्याच लोकांशी लढून केसरी झालेला नाही.

तालमीत नेमकं काय शिकतात? पहाटे माती उकरायची, जोर-बैठका मारायच्या, मग लढत धरायची. ढाक मारताना जोडीदार हवेत असतो. त्या क्षणी त्याची मान तुमच्या भरवशावर असते. थोड्या वेळानं तुमची त्याच्या भरवशावर. जपानच्या मोरिहेई उएशिबांनी (१८८३-१९६९) घडवलेल्या ऐकिडोतही हेच आहे. तिथे पडायचं कसं हे आधी शिकवतात, दोघं आळीपाळीनं हल्ला करतात आणि पडतात, आणि हल्ला करणाऱ्यालाही शक्यतो इजा न करता थोपवायचं असतं. खरा बलवान दुसऱ्याला चीत करणारा नव्हे, तर रागात स्वतःला आवरणारा, ही पैगंबरांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती अंगात मुरवायची जागा म्हणजे तालीम.

म्हणून माझा मुद्दा साधा आहे. अफवा पसरते त्या रात्री दहा डाव येण्यापेक्षा पलीकडच्या पेठेतला एक जोडीदार फोन उचलतो, हे जास्त कामाचं. असा जोडीदार वेगळ्या वर्गात मिळत नाही. तिथे फक्त आपली भीतीच रोज तासभर व्यायाम करेल.

अडचणी आहेत. बहुतेक तालमींत मारुतीची तसबीर असते. आपल्या पोरानं तिच्यापुढे हात जोडावेत असा आग्रह कोणी धरू नये, आणि ती आहे म्हणून आपणही पाय मागे घेऊ नये. नाव ऐकून एखादा वस्ताद दार लावत असेल, तर गप्प बसून वेगळी चूल मांडण्यापेक्षा चार शेजारी सोबत घेऊन त्याला जाब विचारावा. दुसरी अडचण आपली आहे. मुलींना मातीत जागा नव्हती, आता मॅटवर मिळते आहे. तेव्हा त्यांना घरातून अडवणारे आपणच असू नये.

वर्गासाठी वर्गणी काढायची तयारी असेलच, तर ती जरूर काढा. दूध, बदाम, तूप आज गरीब घराला परवडत नाही, आणि कितीतरी पोरं खुराकापायी तालीम सोडतात. जवळच्या तालमीत जा, वस्तादांना भेटा आणि दोन पोरांचा वर्षभराचा खुराक उचला. एक आपल्या मोहल्ल्यातला, एक पलीकडच्या पेठेतला. स्वसंरक्षणाची सुरुवात इथून होते.