ते बाळ, ते फूल

दोस्तांनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी लवकरच पाळणा हलणार आहे का? स्वतःच्या घरी नसेल, तर मावशीकडे, काकूकडे नाहीतर शेजारच्या वहिनींकडे? मग नावांची चर्चा एव्हाना सुरू झालीच असेल. आजीला देवाचं नाव हवं, काकाला दोन अक्षरी हवं, आणि आईला असं, की जे वर्गात आणखी चौघांचं नसेल. त्यात पुन्हा याद्या दोन. एक मुलाची, एक मुलीची! आज ‘शब्दांच्या अंगणात’ आपण एकच यादी करून बघू या. नावं निसर्गातली, आणि मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही शोभतील अशी.

आधी एक सोपं कोडं. गाईचं वासरू, मेंढीचं कोकरू, शेळीचं करडू, घोडीचं शिंगरू, म्हशीचं रेडकू, हरणाचं पाडस आणि माणसाचं लेकरू. या सगळ्यांत सारखं काय? बरोब्बर! ही सगळी ‘ते’ आहेत. ते वासरू, ते कोकरू, ते लेकरू. पुढे मोठेपणी ‘तो’ बैल होईल किंवा ‘ती’ गाय होईल. पण लहानपणी आपली मराठी सगळ्यांना एकाच मांडीवर घेते. आईच्या पोटात असतं तेही ‘ते’ बाळच.

आता जरा झाडांकडे बघा. ते झाड, ते पान, ते फूल. फुलाला संस्कृतातून आलेले आणखी शब्द आहेत. ते सुमन, ते कुसुम, ते पुष्प. तळ्यातलं ते कमल. वर बघितलं तर ते गगन, दूर दिसतं ते अरण्य. व्याकरणाच्या पुस्तकात याला नपुंसकलिंग म्हणतात आणि परीक्षेत एका मार्काला विचारतात. पण नाव शोधणाऱ्याला ही खाणच आहे. ‘तो’ नाही, ‘ती’ नाही, म्हणजे दोघांनाही दार उघडं!

अर्थात ‘ते’चा नियम काही दगडावरची रेघ नाही. किरणाचंच घ्या. मराठीत ‘तो’ किरण, पण हिंदीत तीच किरण ‘ती’ होते. आणि नाव? भारतीय क्रिकेट संघाचे यष्टिरक्षक किरण मोरे, आणि १९७२ साली देशातल्या पहिल्या महिला आयपीएस अधिकारी झालेल्या किरण बेदी. दोघांनाही ते तितकंच शोभलं. ‘शीतल’ची गंमत आणखी वेगळी. ते विशेषण आहे. शीतल वारा, शीतल छाया, शीतल पाणी. तो, ती, ते, कुणापुढेही ठेवा, शब्द बदलत नाही. जैन धर्मातले दहावे तीर्थंकर शीतलनाथ, आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये पदक मिळवणारी तिरंदाज शीतल देवी.

‘शशी’ म्हणजे चंद्र. अभिनेते शशी कपूर तुमच्या आजी-आजोबांना विचारा. आणि शशी देशपांडे या आहेत कादंबरीकार. ‘कमल’ म्हटलं की दक्षिणेत कमल हासन आठवतात. आपल्याकडे आठवाव्यात त्या पुण्यात जन्मलेल्या कर्करोग-संशोधक डॉ. कमल रणदिवे. ‘सुमन’ म्हणताच सुमन कल्याणपूर यांचा आवाज कानात येतो. पण हिंदीतले कवी शिवमंगल सिंह यांनीही ‘सुमन’ हेच टोपणनाव घेतलं होतं.

आणि ‘कुसुम’? हे मात्र फक्त मुलींचं, असं तुम्ही म्हणाल. मग वि. वा. शिरवाडकरांचं टोपणनाव आठवा. धाकट्या बहिणीचं नाव कुसुम. अग्रज म्हणजे आधी जन्मलेला, थोरला भाऊ. कुसुमचा थोरला भाऊ तो कुसुमाग्रज! बहिणीच्या नावावरून भावाची ओळख झाली, आणि आज त्यांच्या वाढदिवशी, २७ फेब्रुवारीला, आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो.

जुन्या लोकांनी तर एक झकास युक्ती काढली होती. फूल तेच ठेवायचं आणि पुढे फक्त ‘राव’ किंवा ‘बाई’ जोडायचं. विदर्भातले प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज, आणि लावणी कलावंत गुलाबबाई संगमनेरकर. गुलाब एकच!

मग पराग, तुषार, सागर ही नावं मुलांचीच का? पराग तर फुलातच असतो! याचं उत्तर शब्दात नाही, आपल्या सवयीत आहे. आपल्याकडे ज्योती म्हटलं की वेणी घातलेली मुलगी डोळ्यांसमोर येते. पण पश्चिम बंगालमध्ये १९७७ ते २००० अशी तेवीस वर्षं मुख्यमंत्री होते ते ज्योती बसू. सवय बदलली की नाव बदलतं, एवढंच.

आता आजी म्हणेल, “अगं, पण नावावरून मुलगा की मुलगी कळायला नको का?” आजीला सांगा, काळजी नको. बंगालीत ‘आला’ आणि ‘आली’ यांना एकच क्रियापद असतं. मराठीत तसं नाही. ‘किरण आला’ किंवा ‘किरण आली’ म्हटलं की पुढच्याच शब्दात उलगडा होतो. फार तर एखाद्या यादीत किरणदादाच्या नावामागे चुकून ‘कु.’ लागेल. हसायचं आणि दुरुस्त करून घ्यायचं!

पण दोस्तांनो, हा नुसता शब्दांचा खेळ नाही बरं का. नाव बाळाच्या आधी ठरवायचं, तर मुलगा की मुलगी हे ठाऊक नसतानाच ठरवावं लागतं. ते आधी विचारायलाही बंदी आहे आणि सांगायलाही. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये आणि देशानं १९९४ मध्ये यासाठी कायदा केला, कारण ‘मुलगी आहे’ असं कळल्यावर तिला जन्मच न देणारी माणसं होती. आणि जन्माला आलेल्या काही मुलींची नावं काय ठेवली होती, ठाऊक आहे? नकुशी. म्हणजे नको असलेली. शाळेत रोज हजेरी घेताना तिला ते नाव ऐकावं लागे आणि ‘हजर’ म्हणावं लागे. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावं देण्यात आली. काहींनी तर आपलं नाव स्वतःच निवडलं.

म्हणून एकच यादी करायची. कुणीही आलं तरी ‘तुझं नाव आम्ही आधीच ठरवून ठेवलंय’ असं त्या बाळाला सांगता येतं. त्याची किंवा तिची वाट बघत होतो, याचा याहून चांगला पुरावा कुठला?

चला तर, यादीला लागू या. त्याआधी चार कसोट्या लक्षात ठेवा.

पहिली, अर्थ शब्दकोशात बघा. अनिल म्हणजे वारा आणि अनल म्हणजे विस्तव. एका वेलांटीनं केवढा फरक पडतो!

दुसरी, नाव मोठ्यानं हाक मारून बघा, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ‘आला’ आणि ‘आली’ दोन्ही लावून बघा. मित्रमंडळी त्याचं काय करतील तेही आत्ताच ओळखा. किरणचं किरण्या होणारच, त्याला इलाज नाही.

तिसरी, पूर्ण नाव लिहून बघा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहितात. चार शब्दांची आगगाडी होते, तेव्हा इंजिन लहान असलेलं बरं.

चौथी, ऱ्हस्व-दीर्घ पक्कं करा. दाखल्यावर ‘शीतल’ आणि गुणपत्रिकेवर ‘शितल’ झालं की पुढे खेटे घालावे लागतात.

घाईही नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव वर्षभरात विनाशुल्क लिहून घेता येतं, आणि त्यानंतरही शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत.

आता एक गोष्ट घरातल्या मोठ्यांसाठी. नाव एकच ठेवलं आणि मुलगा झाला तर किरणच्या हातात बॅट, मुलगी झाली तर किरणच्या हातात केरसुणी, असं होणार असेल, तर यादी एक करून उपयोग काय? बॅटही एकच यादीत घाला आणि केरसुणीही!

बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगायचा मान आत्याचा. तेव्हा आजच एक कागद घ्या. मधोमध रेघ मारू नका. गगन, अरण्य, पर्ण, किरण, सुमन, किंवा तुमच्या खिडकीतून दिसणारं आणखी काही, अशी पाच नावं लिहा, आणि बाळ यायच्या आधीच कागद आत्याच्या हाती द्या.