वजन तुमचं, टार्गेट त्यांचं

वसई-विरारमध्ये वडापावचा भाव गाडीवर लिहिलेला असतो. सलूनच्या भिंतीवर दाढी-कटिंगचं दरपत्रक असतं. जिमची फी मात्र फोनवर विचारून बघा. ‘सर, एकदा व्हिजिट करा ना, सगळं समजावतो.’ तुमचा नंबर घेतला जातो, आकडा मिळत नाही. माझं म्हणणं आहे की पुढची सगळी लबाडी याच न सांगितलेल्या आकड्यावर उभी राहते.

आधीच सांगतो, मी व्यायामाच्या विरोधात नाही. आठवड्यातून चार दिवस लोखंड उचलतो आणि त्यात मला आनंद आहे. पण विरार, नालासोपारा, वसई इथे स्वतःसाठी आणि मित्रांसोबत मी बऱ्याच काउंटरांसमोर बसलोय. भिंतींचे रंग वेगळे, पटकथा एकच.

आधी मशीनवर उभं करतात. ‘फ्री बॉडी अ‍ॅनालिसिस’. कागद बाहेर येतो: वय २६, ‘बॉडी एज’ ३९. समोरचा चेहरा गंभीर होतो. हे मशीन शरीरातून हलकासा विद्युतप्रवाह सोडून त्याला होणारा अडथळा मोजतं आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. तुम्ही किती पाणी प्यायलात, कधी जेवलात, यानेही आकडा हलतो. हे तुम्हाला सांगितलं जात नाही, कारण त्या कागदाचं काम तुम्हाला घाबरवणं एवढंच असतं. मग दर येतो. समजा, महिन्याला २५०० आणि वर्षाला ९०००. महिन्याचा दर विकण्यासाठी नसतोच, वर्षाचा स्वस्त वाटावा म्हणून तो ठेवलेला असतो. तुम्ही ‘विचार करून सांगतो’ म्हणालात की ऑफर आज रात्री संपणार असते. मग मॅनेजरला फोन, ‘तुमच्यासाठी स्पेशल’ आणखी हजार कमी. तरीही उठलात तर, ‘पाचशे टाकून लॉक तरी करा.’ आणि शेवटचा बाण: ‘सर, स्वतःच्या शरीरासाठी एवढंही नाही?’

आता गंमत बघा. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. वेबसाइट आणि अ‍ॅपवरच्या १३ क्लृप्त्यांवर त्यात बंदी आहे. खोटी घाई लावणं त्यात आहे, नकार देणाऱ्याला लाजवणं त्यात आहे, आत येणं सोपं आणि बाहेर पडणं अवघड करणारा सबस्क्रिप्शनचा सापळाही आहे. म्हणजे फोनच्या स्क्रीनवर जे गैर ठरलं, ते नालासोपाऱ्यात दुकानांच्या वरच्या मजल्यावर, एसीमध्ये, टी-शर्ट घातलेल्या माणसाने केलं की त्याचं नाव ‘सेल्स’.

या माणसावर माझा राग नाही. तोही बहुतेक इथलाच पोरगा असतो, त्याच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं. राग त्या हिशोबावर आहे, ज्यात तुम्ही न येणं हाच नफा असतो.

हा हिशोब माझ्या मनचा नाही. देलाविन्या आणि माल्मेंडिअर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ सभासदांच्या नोंदी तपासल्या. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधाचं नावच ‘जिमला न जाण्यासाठी पैसे मोजणं’ अशा अर्थाचं आहे. महिन्याला ७० डॉलरहून जास्त देणारे लोक सरासरी ४.३ वेळा जात होते, म्हणजे एका खेपेला १७ डॉलरहून जास्त पडत होते. त्याच क्लबमध्ये दहा खेपांचा पास घेतला असता तर एक खेप १० डॉलरला पडली असती. माणूस स्वतःच्या भविष्यातल्या शिस्तीबद्दल फार आशावादी असतो, आणि वर्षाचं पॅकेज हीच आशा विकत घेतं.

आता हे विरारला आणून ठेवा. पहाटेची लोकल, चर्चगेटपर्यंत दीड तास, तेवढाच परत, वर दादरला चढण्याची झुंज. रात्री साडेनऊला घरी पोहोचणारा मुलगा आठवड्यातून किती वेळा जिमला जाणार, हे काउंटरवरच्या माणसाला त्या मुलापेक्षा जास्त चांगलं माहीत असतं. तरीही त्याला बारा महिने विकले जातात, आणि ‘तीन महिने फ्री’ देऊन पंधरा.

पैसे नसले तर ‘नो कॉस्ट ईएमआय’. शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. व्याज कुठेतरी किमतीत लपलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे तो हप्ता अनेकदा जिमचा नसतोच. ते कर्ज असतं, एखाद्या फायनान्स कंपनीचं, तुमच्या नावावर. जिमला कुलूप लागलं तरी हप्ता कापला जातो, थकला तर सिबिल बिघडतो.

आणि कुलूप लागतं. १९३२पासूनची परंपरा सांगणारी तळवलकरांची जिमसाखळी २०१० साली शेअर बाजारात उतरली होती. २०१९ मध्ये कंपनीचं व्याज थकलं, शाखा बंद पडल्या आणि आगाऊ फी भरलेले सभासद अडकले. एवढं मोठं नाव कोसळू शकतं, तर भाड्याच्या गाळ्यातल्या जिमला तुम्ही वर्षभराचे पैसे बिनव्याजी उसने कशाच्या भरवशावर देता?

यावर जिममालकांचं उत्तर मला ठाऊक आहे, आणि त्यात तथ्य आहे. भाडं, वीज, मशीनची देखभाल, ट्रेनरचा पगार हे सगळं दरमहा लागतं. लोक जानेवारीत येतात, मार्चमध्ये गायब होतात. आगाऊ पैसे नसतील तर जिम चालणार नाही. मान्य. पण मग सवलत उघडपणे द्या, दर दारावर लिहा. वर्षाची फी घेणं गैर नाही. माणसाला घाबरवून, लाजवून, घड्याळ दाखवून घेणं गैर आहे. ज्या धंद्याला शांतपणे विचार केलेलं गिऱ्हाईक परवडत नाही, त्याने भाड्याचं कारण सांगू नये.

दर लिहिलेला नसण्याची किंमत आपण नुकतीच मोजली. २२ सप्टेंबर २०२५पासून जिमवरचा जीएसटी १८वरून ५ टक्क्यांवर आला. इनपुट क्रेडिट गेल्यामुळे पूर्ण फरक खाली उतरला नसता, हे खरं. पण तुमच्या जिमची फी किती कमी झाली? सांगता येणार नाही, कारण आधीची ‘खरी’ फी कुणालाच माहीत नव्हती.

कायदा अगदीच लुळा नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करार’ अशी स्वतंत्र व्याख्या आहे. ग्राहकावर अवाजवी अट लादणारा करार त्यात येतो. कायम चालणारी ‘आजच शेवटची’ सवलत आणि बिल न देणं हे अनुचित व्यापारी प्रथेत बसतं. पावतीवर ‘नॉन-रिफंडेबल’ छापलं म्हणजे देवाची रेघ झाली नाही. १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण नऊ हजारांसाठी ऑफिसला दांडी मारून तारखांना कोण जाणार? हे ओळखूनच ती रक्कम नऊ हजार असते.

म्हणून तक्रारीचा मार्ग पुरेसा नाही, नियम हवा. विमा पॉलिसी घेतली तर ती परत करायला ३० दिवस मिळतात. डिजिटल कर्जातूनही सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंड न भरता बाहेर पडता येतं. मग जिमच्या कराराला सात दिवस का नकोत? दर दारावर, सात दिवसांत पूर्ण परतावा, नंतर सोडल्यास उरलेल्या महिन्यांचे पैसे परत. एवढंच मागतोय.

तोपर्यंत तुम्ही एक करा. महिन्याचेच पैसे भरा, महाग पडले तरी. तीन महिने नियमित गेलात तर वर्षाचं बघा, ती ‘आज संपणारी’ ऑफर तेव्हाही असेल. आणि जीवदानीच्या हजारावर पायऱ्या आहेतच. त्या चढताना मांड्या भरून येतात, पण वर पोहोचल्यावर कुणी तुमचा नंबर मागत नाही.