दारातला राखणदार

केळशीच्या एका दोस्तानं विचारलंय, "आमच्या डोंगरात बिबट्या आहे, सिंह नाही. मग कार्ल्याच्या लेण्यात सिंह आला कुठून?"

झकास प्रश्न! एकवीरा आईच्या दर्शनाला गेलात, की देवळालगतच्या चैत्यगृहासमोरचा उंच खांब बघा. वर चार सिंह, पाठीला पाठ लावून. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अग्निमित्रणक नावाच्या महारठीनं तो दान दिला. खांबावर कोरलंय 'सिहथभो', म्हणजे सिंहस्तंभ.

हा सिंह रानातून नाही, बुद्धांच्या नावातून आला. त्यांना शाक्यसिंह म्हणत आणि त्यांच्या उपदेशाला सिंहनाद. आता चारी दिशांना तोंडं का, ते तुम्हीच ओळखा!

पुढे धर्माबरोबर हा सिंह चीन-जपानला पोचला आणि दारातला राखणदार झाला. तिथल्या रानातही सिंह नव्हते. बहुतेक कारागिरांनी तो पाहिलाच नव्हता. म्हणून त्यांचे सिंह कुरळ्या आयाळीचे, जरासे कुत्र्यासारखे. (मला तर तेच जास्त आवडतात.) जपानमध्ये देवळांच्या दाराशी त्यांची जोडी बसलेली असते. एकाचं तोंड उघडं, 'अ' म्हणणारं. दुसऱ्याचं मिटलेलं, 'हूं' म्हणणारं. आणि गंमत म्हणजे, ही दोन्ही अक्षरं आपल्याकडचीच, संस्कृतातली!