धुराचा खर्च कोणाच्या खात्यावर?

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातील विजेला दर आहे. कोळसा, वाहतूक, कर्जावरील व्याज, वेतन हे सारे त्या दरात धरलेले असते आणि वीज नियामक आयोग ते तपासतो. एका खर्चाची नोंद मात्र या हिशेबात कोठेच नाही. तो खर्च म्हणजे केंद्राच्या परिसरातील दमेकऱ्यांच्या औषधांचा होय.

२९२० मेगावॅट क्षमतेचे हे केंद्र एकटे दोषी नाही. जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक क्षेत्रांची प्रतवारी लावली, तेव्हा देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत चंद्रपूर चौथे ठरले. औष्णिक केंद्रांतील राखेचे कण यंत्रे पकडतात. पण गंधकाचा वायू त्यांतून निसटतो आणि पुढे हवेत त्याचे सूक्ष्म कण बनतात. ते फुफ्फुसांत खोलवर जातात. दमा, श्वासनलिकांचा जुनाट दाह आणि हृदयविकार त्यांमुळे बळावतात.

या दुखण्यांना रुग्णालयातील खाट क्वचित लागते. इनहेलर आणि डॉक्टरांची फी मात्र सदैव लागते. आपल्या योजना नेमक्या उलट्या रचलेल्या आहेत. आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. घरी बसून घ्यावयाच्या नित्याच्या औषधाला ते नाही. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी थेट खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट समाधानाची खरीच. पण ज्याचे दुखणे घरभाडे आणि वाणसामानाबरोबर दरमहा उभे राहते, त्या कारकुनाला या सरासरीचा काय उपयोग? महिनाअखेरीस इनहेलर जपून वापरला जातो, मग एके रात्री दम कोंडतो आणि रुग्णालयात न्यावे लागते. सरकारी योजनेचे दार उघडते ते तेव्हा!

उपाय अज्ञात नव्हता. गंधकवायूची मर्यादा केंद्र सरकारनेच डिसेंबर २०१५ मध्ये ठरविली होती. तिच्या पालनाची मुदत पुनःपुन्हा वाढविली गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी असतो आणि यंत्रणा बसविल्यास वीज महागेल, हा त्यामागील युक्तिवाद. तो अगदीच पोकळ नाही. परंतु या कोळशाची उष्णताही कमी, म्हणून तेवढ्याच विजेसाठी तो अधिक जाळावा लागतो, हे सांगावयाचे सोयीस्करपणे राहून जाते. शिवाय यंत्रणा न बसविल्याने खर्च टळतो असे नव्हे. तो वीजग्राहकाच्या देयकातून रुग्णाच्या देयकात जातो. मुंबई-पुण्याच्या दिव्यांचा हा भार चंद्रपूरच्या घरांनी का उचलावा?

अतिप्रदूषित क्षेत्रांतील केंद्रांबाबत निर्णय प्रकरणागणिक घ्यावयाचा आहे. तो घेणाऱ्या समितीपुढे यंत्रणेची किंमत येईलच. तिच्याच शेजारी जिल्ह्यातील सरकारी दवाखान्यांत श्वसनविकारासाठी आलेल्या बाह्यरुग्णांची संख्या आणि त्यांच्या वर्षभराच्या औषधांची किंमत मांडली गेली पाहिजे. हे आकडे राज्याच्या आरोग्य विभागाने गोळा करावेत, आणि निर्णय होईपर्यंत जिल्ह्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात इनहेलर विनामूल्य व अखंड मिळेल, अशी तरतूद करावी.