मागून चिमटा मारलेली फॅशन

दुबईत थंडी पडत नाही, थंडीचं कलेक्शन पडतं. ऑक्टोबरात दुपारचा पारा पस्तिशीखाली यायला तयार नसतो, बसथांब्यावर पाच मिनिटं उभं राहिलं की पाठीवरून घामाच्या धारा लागतात आणि इथल्या गुळगुळीत मासिकांतल्या बाया मात्र लोकरीचे ओव्हरकोट नि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून वाळूच्या टेकडीवर उभ्या. चेहऱ्यावर भाव असा, की तीन महिन्यांचा पगार थकलाय. मासिकांचं काम दोन-तीन महिने आधी चालतं. म्हणजे हे कोट अंगावर चढतात ते ज्या दिवसांत सरकारनेच दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला मनाई केलेली असते, त्या दिवसांत. बांधकामावरचा मजूर तेवढा वेळ सावलीत बसतो. फॅशनला सावली चालत नाही, फोटोत उजेड कमी पडतो.

ऋतू कळत नाही, हे एकवेळ सोडून देऊ. इथे राहणारी माणसं कळत नाहीत, त्याचं काय?

या देशात दहा माणसं उभी केली तर त्यात जेमतेम एक इथला नागरिक निघतो. उरलेल्यांत सगळ्यात मोठी रांग आपली. भारतीयच पस्तीस लाखांच्या वर आहेत. मग पाकिस्तानी, बांगलादेशी, फिलिपिनो, इजिप्शियन, सीरियन. आता इथलं कुठलंही फॅशनचं मासिक उचला आणि यातलं कोण दिसतं ते शोधा. मला बहुतेक वेळा दिसते ती बाहेरून आणलेली, सहा फुटांची, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी पोरगी. आणि या बरगड्यांचं कौतुक कुणी मला सांगू नये. 2006 साली उरुग्वेची लुइसेल रामोस आणि ब्राझीलची आना कॅरोलिना रेस्टन या दोन तरुण मॉडेल न खाण्यापायी गेल्या. त्यानंतर अकरा वर्षांनी फ्रान्सने मॉडेलसाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं. गाडीला पीयूसी असतं, तसं बाईला तब्येतीचं सर्टिफिकेट. हा धंदा किती सुधारलाय याचा याहून चांगला पुरावा नको.

व्होगची अरबी आवृत्ती दुबईतून निघते. छापील पहिला अंक मार्च 2017 चा. अख्ख्या अरब जगातून पहिल्या मुखपृष्ठासाठी चेहरा निवडायचा होता आणि निवडला कोणता, तर लॉस एंजेलिसची जीजी हदीद, चेहऱ्यावर झगमगीत जाळी ओढून. वडील पॅलेस्टिनी, हे मान्य. पण रोज डोकं झाकून कामाला जाणाऱ्या लाखो बायका मेट्रोत, बँकेत, विमानतळावर दिसत असताना, एरवी कधी डोकं न झाकणारी मुलगी त्या जाळीसाठी लागावी? पुढे त्याच वर्षी हलीमा एडनला मुखपृष्ठावर आणलं, ती खरोखरच हिजाब घालणारी. केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मलेली ही मुलगी तीन वर्षांनी, 2020 मध्ये, या धंद्याला रामराम ठोकून मोकळी झाली. एका शूटमध्ये तिच्या डोक्यावर हिजाबाऐवजी जीन्सची पँट गुंडाळली होती, तो फोटो तिने स्वतःच लोकांपुढे ठेवला. ज्यांना हिजाब म्हणजे डोक्याला गुंडाळायचं काहीतरी कापड एवढंच कळतं, त्यांना पँट आणि ओढणीत फरक का वाटावा?

मोठ्या नावांची तऱ्हा याहून वेगळी नाही. शनेलने मे 2014 मध्ये दुबईत शो केला, किनाऱ्यालगत समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर. तिथे त्यांचा तेव्हाचा डिझायनर कार्ल लागरफेल्ड याने मॉडेलच्या हातात पेट्रोलच्या कॅनच्या आकाराची पर्स दिली. अरबांच्या देशात आलो, तर अरबांची आठवण काय द्यावी? पेट्रोल! आपल्याकडे येऊन कुणी मिरचीच्या पोत्याची पर्स केली असती तर आपण मोर्चा काढला असता. इथे टाळ्या पडल्या. जानेवारी 2016 मध्ये डोल्चे अँड गबानाला साक्षात्कार झाला की मुसलमान बायकासुद्धा कपडे घालतात. मग लिंबं, डेझी आणि लाल गुलाब छापलेले अबाया आले आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी जणू अबायाचा शोध लागल्यासारख्या बातम्या दिल्या. इथल्या गल्ल्यांतले शिंपी त्याआधी कित्येक वर्षं अबायावर भरतकाम करत होते, बाहीला लेस लावत होते, दर ईदला नवी तऱ्हा काढत होते. त्यांच्याकडे इटलीचा पत्ता नव्हता एवढंच.

त्या शिंप्यांबद्दल बोलायलाच हवं. सतव्यात, मीना बाजारात अशी दुकानं रांगेने आहेत. बायका फोनवर मासिकातला फोटो दाखवतात आणि म्हणतात, अगदी असाच पाहिजे. मीही दाखवलाय. माझा मास्टर चष्मा कपाळावर सरकवतो, बोटांनी फोटो मोठा करतो, खांद्याची शिवण बघतो, कमरेवर येऊन थांबतो आणि सांगतो, “मॅडम, ये फिटिंग नहीं है, पीछे से चिमटा मारा है.” खरं आहे. फोटोसाठी आलेला ड्रेस एकाच मापाचा असतो, मॉडेलच्या अंगावर ढगळ झाला की मागून चिमटे लावून आवळतात आणि फोटो समोरूनच काढतात. वीस पानांच्या मासिकी कौतुकातून जे कळत नाही ते या माणसाने फोनच्या पडद्यावर ओळखलं. मग तो चिमट्याशिवाय तीच कंबर शिवून देतो, मॉलमधल्या किमतीच्या शेपटाएवढ्या पैशांत. मासिकात मात्र फोटोग्राफर, स्टायलिस्ट, केस, मेकअप, नखं, मदतनीस, सगळ्यांची नावं छापतात. शिवणाऱ्याचं नाव कुठल्याही अंकात मी तरी वाचलेलं नाही.

ही खोड फक्त इथली नाही. जून 2025 मध्ये मिलानला प्राडाने पुरुष मॉडेलच्या पायांत कोल्हापुरी घातली आणि नुसतं ‘चामड्याची सँडल’ म्हणून मोकळे झाले. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं कातडं, हाताने घातलेली वेणी, 2019 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार, यातलं काहीच त्यांच्या कागदावर नव्हतं. आपल्याकडे आरडाओरडा झाला, तेव्हा प्रेरणा भारतीय असल्याचं कबूल केलं, माणसं कोल्हापूरला धाडली आणि डिसेंबरात महाराष्ट्र नि कर्नाटकच्या दोन सरकारी महामंडळांशी करार केला: दोन हजार जोड भारतातच बनवायचे, किंमत सुमारे 800 युरो. करार झाला हे बरंच झालं. पण ओरडल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, हा रिवाज त्याने मोडला असं समजायचं कारण नाही.

आता तर माणसाचीही गरज उरलेली नाही. अमेरिकन व्होगच्या ऑगस्ट 2025 च्या अंकात गेस कंपनीची जाहिरात होती, त्यातली सोनेरी केसांची सुंदरी संगणकाने बनवलेली. कोपऱ्यात बारीक अक्षरांत तसं लिहिलंही होतं. कारागिराला फोटोबाहेर काढलं तेव्हा मॉडेल हसत होती. आता तिचाही नंबर लागला. तिच्याबद्दल मला वाईट वाटतं, हेही सांगून टाकते.

आणि आपण मराठी माणसं? इथल्या गणेशोत्सवात आणि पाडव्याला नऊवारी नेसून फोटो काढतो, तो एकदम झकास. पैठणीचा मोर कॅमेऱ्याकडे वळवतो. मात्र खांद्याला इथल्याच करामा बाजारातून आणलेली, मोठ्ठी अक्षरं मिरवणारी नकली पर्स. पैठणी कुठल्या विणकराकडून घेतली असं विचारलं तर दुकानाचं नाव सांगतात; येवल्याचं नाव निघालं तरी मी खूश होते. पर्सच्या कंपनीचा मालक कोण, त्याने यंदा कुणाला काढून कुणाला नेमलं, हे मात्र तोंडपाठ. मालक तुमचा कोण लागतो हो?

तेव्हा मासिकवाल्यांना माझं सरळ म्हणणं आहे: नखं रंगवणाऱ्याच्या नावाखाली एक ओळ वाढवा आणि कपडा शिवणाऱ्याचं नाव छापा. जागा नाही म्हणू नका, अत्तराच्या जाहिराती बक्कळ आहेत. ते छापणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण वाचकहो, तुम्हाला एक नक्की जमेल. मॉलमध्ये चार आकडी किमतीची चिठ्ठी बघून तुम्ही चकार शब्द न काढता कार्ड पुढे करता आणि सतव्यात येऊन मास्टरशी वीस दिरहमसाठी अर्धा तास हुज्जत घालता. ते आधी बंद करा. त्याने सांगितलेली शिलाई मुकाट्याने द्या.