स्वजन आणि सातबारा

२१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जूनपर्यंत, ओळीने अठरा रविवार, विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात सत्याग्रही बंद्यांसमोर गीतेचे अठरा अध्याय उलगडले. अमळनेरची शिक्षकी सोडून सत्याग्रहात उतरलेल्या साने गुरुजींनी ती प्रवचने उतरून घेतली. खानदेशात या घटनेचे स्मरण भक्तिभावाने होते. त्या प्रवचनांत अडचणीचे काय होते, हे मात्र सोयीने विसरले जाते.

पहिल्याच रविवारी विनोबांनी अर्जुनाची उलटतपासणी केली. अर्जुन भ्याला नव्हता, अहिंसकही झाला नव्हता. समोर आप्त दिसताच त्याला युद्धाचे दोष आठवले. त्यासाठी विनोबांनी दाखला दिला तो एका न्यायाधीशाचा. शेकडो गुन्हेगारांना त्याने फासावर पाठविले, पण स्वतःचा मुलगा खुनी म्हणून समोर उभा राहताच त्याला फाशी अमानुष वाटू लागली. फाशीला तत्त्वतः विरोध करणाऱ्या समाजवाद्याला हा दाखला प्रथम खटकतो, आणि तसे खटकणे योग्यच आहे. परंतु न्यायाधीशाचे मुद्दे खोटे नव्हतेच. ते त्याला नेमके कोणत्या दिवशी सुचले, हा विनोबांचा प्रश्न होता.

हा प्रश्न बांधावर आणून पाहावा. महाभारताचे युद्ध धर्माचे म्हणून कितीही गौरविले, तरी मुळात ते वाटणीचे भांडण होते. पाच गावांवर तडजोड होत होती; सुईच्या टोकावर मावेल एवढी मातीही देणार नाही, या हट्टापायी ती मोडली. खानदेशच्या दिवाणी न्यायालयांत जिला भाऊबंदकी म्हणतात, तीच ही. पण या साऱ्या वाटणीत शंभर कौरवांची एकुलती बहीण दुःशला हिचे नाव कोणी उच्चारले नाही. तिच्या वाट्याला आले ते जयद्रथाच्या वधानंतरचे वैधव्य.

दुःशलेच्या पदरात काही पडावे यासाठी कायद्याला फार उशीर लागला. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. वडील तेव्हा हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मसिद्ध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. कायदा येथे संपतो आणि हक्कसोडपत्र सुरू होते.

रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यापासून शिरपूरच्या कपाशीपर्यंत हा कागद सर्वांच्या परिचयाचा आहे. बाप वारला की वारसनोंद होते. मग बहिणींना गाडी पाठवून तालुक्याला आणतात, साडीचोळी करतात, सह्या घेतात. सही न देणारीला आखाजीला माहेरचे बोलावणे येत नाही. रस्त्यासाठी वा प्रकल्पासाठी जमीन जाऊन मोबदला येणार असला, की या मायेला अधिकच भरते येते. घर फुटेल, लोक काय म्हणतील, हे तिला ऐकवले जाते. अर्जुनाने कुलधर्म बुडेल म्हणून जो आकांत केला त्याहून हे काय निराळे? फरक इतकाच, की अर्जुन निदान राज्य सोडायला तयार होता.

या सह्या केवळ सरंजामी मनाचे लोक घेतात, असे मानण्यात अर्थ नाही. कूळकायद्याचा इतिहास तोंडपाठ असलेले, समतेवर व्याख्याने देणारे कार्यकर्तेही यातून सुटलेले नाहीत. त्यांनी विकर्ण आठवावा. द्यूतसभेत द्रौपदीच्या प्रश्नापुढे भीष्म धर्म सूक्ष्म आहे म्हणून गप्प झाले. दुर्योधनाचा सख्खा भाऊ विकर्ण मात्र उठला आणि द्रौपदी जिंकली गेलेली नाही, असे भरसभेत म्हणाला. तोच विकर्ण कुरुक्षेत्रावर भावांच्या बाजूने उभा राहिला आणि भीमाच्या हातून मेला. सभेत एक आणि वाटणीच्या वेळी दुसरे, ही रीत जुनीच आहे.

स्वधर्म हा शब्द चातुर्वर्ण्याच्या समर्थनासाठी शतकानुशतके राबविला गेला, म्हणून आपल्यातील अनेकांना गीतेचा आधारच नकोसा वाटतो. त्यांच्या शंकेत तथ्य आहे. परंतु धुळ्यात ती प्रवचने लिहून घेणाऱ्याने त्यांतून काय घेतले, तेही पाहिले पाहिजे. मे १९४७ मध्ये अस्पृश्यांना विठ्ठलमंदिर खुले व्हावे म्हणून गुरुजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले, तेव्हा दार अडवून उभे असलेले लोक परके नव्हते. ते त्यांच्याच धर्माचे, त्यांच्याच वर्णाचे होते.

पक्षाच्या जळगाव व धुळे जिल्हा शाखांनी येत्या आखाजीपूर्वी एवढे करावे: प्रत्येक पदाधिकाऱ्याने आपल्या कुटुंबाचा सातबारा काढून बैठकीत ठेवावा. बहिणींची नावे त्यावर आहेत की नाहीत, आणि नसल्यास ती कोणत्या फेरफाराने कमी झाली, हे सर्वांसमोर वाचून दाखवावे.